दोन मैदानांचा नोकरदार : पॅट्सी हेन्ड्रेन

आपल्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेत एखादे वर्षी हा प्रश्न जरूर विचारावा. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये सर्वांत जास्त शतके कोणाची? निम्मी मंडळी सचिन म्हणतील, माझ्या वयाची मंडळी ब्रॅडमन म्हणतील आणि एखादा जाणकार जॅक हॉब्ज असे बरोबर उत्तर देईल. हॉब्जची शतके जवळजवळ दोनशे. पण दुसऱ्या क्रमांकावर कोण, असे विचारले की मंडपात शांतता पसरेल. त्या माणसाचे नाव एलियास हेन्री हेन्ड्रेन. त्याचे घराणे मूळचे आयर्लंडचे, म्हणून सगळे त्याला पॅट्सी म्हणत. त्याची शतके १७०. आपल्या सुनील गावसकरची प्रथम श्रेणीतली शतके ८१ आणि सचिन तेंडुलकरचीही ८१. दोघांची बेरीज केली तरी १६२ होते, म्हणजे हेन्ड्रेनपेक्षा आठ कमीच. धावांच्या यादीत त्याच्या पुढे फक्त हॉब्ज आणि फ्रँक वूली. हेन्ड्रेनच्या धावा ५७,६११.

एवढा मोठा फलंदाज हिवाळ्यात काय करत असे? तो ब्रेंटफर्ड नावाच्या एका लहान क्लबातर्फे पगार घेऊन फुटबॉल खेळत असे. एक-दोन वर्षे नव्हे, १९११ ते १९२७ अशी सोळा वर्षे. त्यातली चार वर्षे महायुद्धाची असली तरी या एका क्लबासाठी त्याचे चारशेच्या वर सामने झाले. ज्या वर्षांत तो इंग्लंडकडून कसोटी सामने खेळत होता, त्याच वर्षांत ब्रेंटफर्ड इंग्लिश लीगच्या तिसऱ्या, म्हणजे त्या वेळच्या तळाच्या विभागात होते. आजच्या भाषेत सांगायचे तर, भारताचा नामांकित फलंदाज मालिका संपवून परत यावा आणि पुढच्या शनिवारी जिल्हा पातळीवरच्या फुटबॉल संघात कडेने धावताना दिसावा, तसेच हे.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. त्यामुळे असेल कदाचित, हेन्ड्रेनबद्दल वाचताना त्याच्या धावांपेक्षा मला त्याच्या पगाराचे कुतूहल जास्त वाटले. क्रिकेटवरच्या लेखांत त्याचा उल्लेख बहुधा मैदानावरचा विदूषक, सर्वांचा लाडका हसरा माणूस असा येतो आणि फुटबॉलचा उल्लेख शेवटी एका ओळीत, छंद म्हणून. मला ते पटत नाही. फुटबॉल हा त्याचा छंद नव्हता. ती त्याची वर्षातल्या दुसऱ्या सहामाहीची नोकरी होती. हे ध्यानात घेतले की त्याचे सगळे आयुष्य वेगळे दिसू लागते.

हेन्ड्रेनचा जन्म ५ फेब्रुवारी १८८९ चा. लंडनच्या पश्चिमेला चिझिक भागात टर्नहॅम ग्रीन नावाची वस्ती आहे, तिथला. हा भाग तेव्हा मिडलसेक्स परगण्यात मोडत असे आणि ब्रेंटफर्डही तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे त्याची क्रिकेटची काउंटी आणि फुटबॉलचा क्लब, दोन्ही घराजवळचे. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९०५ मध्ये, तो लॉर्ड्सच्या मैदानावर कामाला लागला. तिथे या मुलांना ग्राउंड स्टाफ म्हणत. मैदानाची पडतील ती कामे करायची, सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे आणि जमेल तसे स्वतःचे क्रिकेट शिकायचे. १९०७ मध्ये तो मिडलसेक्सकडून पहिला सामना खेळला. त्यानंतर संघात पाय रोवायला त्याला दोन वर्षे लागली आणि पहिले शतक झाले ते १९११ मध्ये.

इथे त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटची रचना थोडी समजून घ्यायला हवी. खेळाडूंच्या दोन जाती होत्या. एक हौशी, म्हणजे ज्यांना पैशाची गरज नाही असे घरंदाज लोक. त्यांना जंटलमेन म्हणत. दुसरे पगारी व्यावसायिक, त्यांना प्लेअर्स म्हणत. एकाच संघात खेळणाऱ्या या दोन जातींच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या असत आणि लॉर्ड्ससारख्या ठिकाणी मैदानात उतरण्याची फाटकेसुद्धा वेगळी असत. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूच्या आडनावाआधी त्याची आद्याक्षरे छापत, पगारी खेळाडूची आडनावानंतर. पुढे मिडलसेक्सचाच फ्रेड टिटमस तरुण असताना लॉर्ड्सच्या ध्वनिक्षेपकावरून जाहीर दुरुस्ती करण्यात आली होती. कागदावर त्याची आद्याक्षरे चुकून आडनावाच्या आधी छापली गेली होती एवढेच त्याचे कारण! कर्णधार हौशी असणार हे तर ठरलेलेच. हेन्ड्रेन तीस वर्षे मिडलसेक्सकडून खेळला, संघाचा सर्वांत मोठा फलंदाज होता, पण काउंटीचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. इंग्लंडचा नेमलेला पगारी कर्णधार पाहायला तर १९५२ मध्ये लेन हटन येईपर्यंत थांबावे लागले.

या पगारी खेळाडूचे वर्ष मे ते सप्टेंबरपर्यंतच असे. पुढचे सात-आठ महिने कसे काढायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. कोणी कोळशाच्या खाणीत परत जाई, कोणी दुकान चालवी, तर कोणी दक्षिण आफ्रिकेत किंवा हिंदुस्थानात एखाद्या संस्थानिकाकडे प्रशिक्षक म्हणून जाई. ज्यांच्या पायात बळ होते त्यांना आणखी एक वाट मोकळी होती, ती फुटबॉलची. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन मेच्या सुरुवातीला संपत असे. दर शनिवारी सामना, शिवाय त्या काळी नाताळच्या दिवशीसुद्धा सामना. क्रिकेटचा हंगाम संपतो न संपतो तोच बूट बदलून तो माणूस दुसऱ्या मैदानात हजर.

आपल्या पिढीला हे समजायला सोपे आहे. आपल्याकडेही क्रिकेटवर घर चालत नसे, तेव्हा आपल्या खेळाडूंना बँका, रेल्वे आणि खासगी कंपन्यांनी सांभाळले. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. रजिस्टरवर सही असायची, महिन्याचा पगार ठरलेला असायचा आणि खेळणे थांबले तरी खुर्ची जागेवर असायची. आपल्याकडच्या त्या खुर्चीच्या जागी हेन्ड्रेनकडे फुटबॉलचा बूट होता. फरक एवढाच की खुर्चीवर बसून पाय मोडत नाही.

फुटबॉलमध्ये त्याने सुरुवातीला क्वीन्स पार्क रेंजर्स, मँचेस्टर सिटी आणि कॉव्हेंट्री सिटी असे क्लब पाहिले. मँचेस्टर सिटी तेव्हाही मोठे नाव होते, पण तिथे त्याला फारशी संधी मिळाली नाही. १९११ मध्ये तो घराजवळच्या ब्रेंटफर्डला आला आणि तिथेच रमला. तो कडेने वेगात चेंडू घेऊन जाणारा, विंगवरचा खेळाडू होता. बुटका, भरीव बांध्याचा आणि चपळ. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर धावत जाऊन झेल घेण्यात त्याचा हातखंडा होता. साडेसातशेहून जास्त झेल त्याच्या नावावर आहेत. विंगवर धावून कमावलेले पाय त्याला तिथे उपयोगी पडले असणार, असे मला वाटते.

ब्रेंटफर्डचे मैदान म्हणजे ग्रिफिन पार्क, १९०४ पासूनचे. त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक पब होता म्हणून ते प्रसिद्ध. कामगार वस्तीतले, घरांच्या रांगांत दाटीवाटीने बसवलेले. लॉर्ड्सचे हिरवेगार गवत आणि लांब कोटवाले सभासद एकीकडे, तर ग्रिफिन पार्कचा जानेवारीतला चिखल आणि टोप्या घातलेले गिरणी-गोदीतले प्रेक्षक दुसरीकडे. हेन्ड्रेन दोन्हीकडे तेवढाच लोकप्रिय होता. त्याच्याइतका या दोन जगांत सारख्या सहजतेने वावरणारा दुसरा खेळाडू मला तरी सांगता येत नाही.

१९१४ मध्ये युद्ध आले. वयाची पंचविशी ते तिशी ही फलंदाजाची उमेदीची वर्षे, ती युद्धाने खाल्ली. हेन्ड्रेन रॉयल फ्युसिलिअर्सच्या तेविसाव्या पलटणीत भरती झाला. या पलटणीत खेळाडूंचा भरणा असल्यामुळे तिला स्पोर्ट्समेन्स बटालियन म्हणत. सरेचा अँडी सँडहॅमही तिच्यात होता. युद्धकाळात लीग बंद होती, पण लंडनच्या क्लबांची आपापसातली स्पर्धा चाले. १९१८-१९ च्या हंगामात ब्रेंटफर्डने ती जिंकली. लगेच १९१९ मध्ये युद्धसमाप्तीनिमित्त झालेल्या विजय सामन्यांत हेन्ड्रेन फुटबॉलमध्ये इंग्लंडकडून वेल्सविरुद्ध खेळला. या सामन्यांना अधिकृत आंतरराष्ट्रीय दर्जा नव्हता, त्यामुळे दोन्ही खेळांत देशाकडून खेळलेल्यांच्या अधिकृत यादीत त्याचे नाव येत नाही.

१९१९ च्या उन्हाळ्यात मात्र त्याची बॅट अशी चालली की १९२० च्या विस्डेन वार्षिकाने निवडलेल्या पाच खेळाडूंत तो होता. त्या पाचांत सरेचा अँडी ड्युकॅटही होता. ड्युकॅट फुटबॉलमध्ये त्याच्याहून वरच्या पायरीवरचा, कारण १९२० मध्येच त्याच्या नेतृत्वाखाली ॲस्टन व्हिलाने एफए कप जिंकला. पण क्रिकेटमध्ये ड्युकॅट एकच कसोटी खेळला, तर हेन्ड्रेन ५१. एकाला एका मैदानाने वर उचलले, दुसऱ्याला दुसऱ्या.

डिसेंबर १९२० मध्ये सिडनीला हेन्ड्रेनने कसोटीत पदार्पण केले. इंग्लंड ती मालिका पाचही सामन्यांत हरले. आता गंमत पाहा. त्याच १९२० मध्ये ब्रेंटफर्डसह दक्षिणेकडचे क्लब पहिल्यांदाच फुटबॉल लीगमध्ये घेतले गेले आणि तिसरा विभाग अस्तित्वात आला. क्लबाच्या इतिहासातला तो सर्वांत महत्त्वाचा हंगाम, आणि त्यांचा विंगर बोटीने ऑस्ट्रेलियाला गेलेला. ब्रेंटफर्ड त्या वर्षी तळाच्या दोन संघांत राहिले आणि लीगमध्ये टिकून राहण्यासाठी त्यांना पुन्हा मते मागावी लागली. इकडे ऑस्ट्रेलियात पाच पराभव आणि तिकडे घरी ही अवस्था. दोन घोड्यांवर बसणाऱ्याच्या नशिबी असले हंगामही येतात.

पुढच्या उन्हाळ्यात जॅक ग्रेगरी आणि टेड मॅकडोनल्ड या ऑस्ट्रेलियाच्या द्रुतगती जोडीपुढे तो सपशेल अपयशी ठरला आणि संघाबाहेर गेला. तो मोठ्या सामन्यांचा खेळाडू नाही, असा शिक्का बसला. तो पुसायला त्याला तीन वर्षे लागली. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लीड्सला १३२ आणि ओव्हलवर १४२. १९२६ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७. या सगळ्या वर्षांत, जेव्हा परदेश दौरा नसेल तेव्हा, सप्टेंबर आला की तो ब्रेंटफर्डला हजर होई.

फुटबॉलमधून त्याला मिळे तरी किती? १९०१ पासून इंग्लिश फुटबॉलमध्ये कमाल पगाराची मर्यादा होती. सुरुवातीला आठवड्याला चार पौंड, १९२२ मध्ये हंगामात आठ आणि हंगामाबाहेर सहा पौंड. कितीही मोठा खेळाडू असला तरी याच्या वर नाही. शिवाय क्लबाने सोडल्याखेरीज दुसरीकडे जाता येत नसे. ही मर्यादा उठली ती थेट जानेवारी १९६१ मध्ये. एवढ्या पैशांसाठी पायाचे हाड, गुडघा, घोटा दर शनिवारी पणाला लावायचा आणि तेच पाय मे महिन्यात लॉर्ड्सवर न्यायचे. वशिंड दुखले तरी बैलाने दोन्ही हंगामांत नांगर ओढावा, तशातला प्रकार.

हा धोका काही कल्पनेतला नाही, त्याचे उदाहरण मिडलसेक्समध्येच आहे. हेन्ड्रेनच्या शेवटच्या दोन मोसमांत, १९३६ आणि १९३७ मध्ये, एक तरुण मुलगा त्याच्याबरोबर खेळू लागला होता. त्याचे नाव डेनिस कॉम्प्टन. हाही लॉर्ड्सच्या ग्राउंड स्टाफमधूनच आलेला, आणि हिवाळ्यात आर्सेनलचा विंगर. म्हणजे हुबेहूब हेन्ड्रेनच्या वाटेवरचा, पण फुटबॉलमध्ये पहिल्या विभागातला. १९३८ मध्ये फुटबॉल सामन्यात प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी टक्कर होऊन कॉम्प्टनचा गुडघा दुखावला. तो गुडघा त्याला जन्मभर पुरला. अखेर १९५५ मध्ये गुडघ्याची वाटीच काढून टाकावी लागली आणि क्रिकेटमधले त्याचे पूर्वीचे पदलालित्य गेले.

कॉम्प्टनचे नाव आपल्या इंदूरकरांना तरी वेगळे सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात तो लष्कराच्या नोकरीवर आपल्या शेजारच्या महूला होता. सी. के. नायडूंच्या होळकर संघातून तो रणजी करंडकही खेळला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्ध त्याने दुसऱ्या डावात नाबाद २४९ धावा केल्या. मुश्ताक अलींनी त्या सामन्यात दोन शतके ठोकली. तरीही विजय मर्चंटच्या २७८ धावांपुढे होळकर संघ ३७४ धावांनी हरला. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या कॉम्प्टनला डोक्यावर घेतले, तो हेन्ड्रेनच्या शाळेतला.

हेन्ड्रेनने १९२७ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ब्रेंटफर्डचा निरोप घेतला. पाय शाबूत ठेवून तो फुटबॉलमधून बाहेर पडला. आणि खरी गंमत म्हणजे त्याची सर्वांत बहारदार वर्षे त्यानंतरची आहेत. १९२८ च्या एका उन्हाळ्यात ३,३११ धावा आणि १३ शतके. त्याच वर्षाअखेरीस ब्रिस्बेनच्या कसोटीत १६९ धावा. इंग्लंडने ती कसोटी ६७५ धावांनी जिंकली. वीस वर्षांच्या एका ऑस्ट्रेलियन मुलाची ती पहिलीच कसोटी होती. त्याने १८ आणि १ अशा धावा केल्या आणि पुढच्या सामन्यातून त्याला वगळले गेले. त्या मुलाचे नाव डॉन ब्रॅडमन.

१९२९-३० मध्ये इंग्लंडचा संघ वेस्ट इंडीजला गेला. त्या बेटांवर खेळल्या गेलेल्या पहिल्या कसोट्या त्या याच. हा संघ म्हणजे वडीलधाऱ्यांची सहलच होती. विल्फ्रेड ऱ्होड्स ५२ वर्षांचा, जॉर्ज गन पन्नाशीचा, सँडहॅम एकोणचाळीसचा आणि आपला हेन्ड्रेन एक्केचाळीसचा. पण या ज्येष्ठ नागरिकांनी काय केले? सँडहॅमने किंग्स्टनला ३२५ धावा करून कसोटीतले पहिले त्रिशतक नोंदवले. हेन्ड्रेनने चार कसोट्यांत ६९३ धावा जमवल्या, सरासरी ११५.५०. पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद २०५, जॉर्जटाउनला १२३. संपूर्ण दौऱ्यात चार द्विशतके. एकाच पलटणीत खंदकांचे दिवस पाहिलेले हे दोघे बारा-तेरा वर्षांनी त्या उन्हात अशी मजा लुटत होते.

यानंतरचा प्रसंग मला त्याच्या सगळ्या शतकांहून मोलाचा वाटतो. १९३२-३३ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात बॉडीलाइन प्रकरण झाले. अंगावर येणाऱ्या चेंडूंनी क्रिकेटचे जग हादरले. मे १९३३ मध्ये लॉर्ड्सवर एमसीसी आणि वेस्ट इंडीज यांचा सामना होता. समोर लिअरी कॉन्स्टन्टाइन आणि मॅनी मार्टिनडेल हे जलद गोलंदाज. हेन्ड्रेन फलंदाजीला आला तो एक चमत्कारिक टोपी घालून. तिला एकाऐवजी तीन झडपा. एक नेहमीसारखी कपाळावर आणि दोन बाजूंना, कान आणि कानशिले झाकणाऱ्या. आत रबराचे अस्तर. ही टोपी घरी त्याच्या बायकोने तयार केली होती.

प्रेक्षकांची करमणूक झाली. विदूषकाचा आणखी एक खेळ म्हणून ते हसण्यावारी गेले. पण मला त्यात विनोद दिसत नाही. त्या वेळी तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. फुटबॉलचा पगार बंद झालेला, क्रिकेटची थोडी वर्षे उरलेली. आपले डोके आणि डोळे हेच आपले भांडवल, हे ज्याला कळते त्या नोकरदाराने केलेली ती तजवीज होती. कारखान्यातला कामगार चष्मा लावतो, वेल्डर तोंडासमोर पत्रा धरतो, तसे. हौशी खेळाडूला जखम झाली तर तो वाड्यावर जाऊन विश्रांती घेईल. पगारी माणसाने काय करायचे? म्हणून लाज बाजूला ठेवून त्याने टोपी घातली. पुढे चव्वेचाळीस वर्षांनी, १९७७ मध्ये, इंग्लंडच्या माइक ब्रिअर्लीने टोपीखाली कानशिले झाकणारे कवच वापरले. तोही मिडलसेक्सचाच. त्यानंतर हेल्मेट रूढ झाले, आणि आपल्या गावसकरने कारकिर्दीच्या उत्तरार्धात स्वतःचे वेगळे, कवटीपुरते कवच वापरले तेव्हा कोणीच हसले नाही. काळाच्या पुढे असणाऱ्याला आधी हसे सोसावे लागते. हेन्ड्रेनचे बरे होते, त्याला हसण्याची सवय होती.

टोपीने त्याला भित्रे केले असे कोणी समजू नये. उसळता चेंडू हूक करण्यात तो अखेरपर्यंत वाकबगार राहिला. त्याच १९३३ च्या मोसमात त्याने डडलीला वूस्टरशरविरुद्ध नाबाद ३०१ धावा केल्या. ही त्याची सर्वोच्च खेळी. आणि पुढच्या वर्षी जुलै १९३४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाच्या बिल ओरायलीने चार चेंडूंत वॉल्टर्स, वायट आणि हॅमंड यांना गारद केले, तेव्हा धावफलक बिनबाद ६८ वरून ३ बाद ७२ वर आला होता. त्या वेळी पंचेचाळीस वर्षांचा हेन्ड्रेन मैदानात उतरला. त्याने आधी सटक्लिफला साथ दिली, मग मॉरिस लेलँडबरोबर डाव उभा केला आणि १३२ धावा करून तो परतला. ज्याला तेरा वर्षांपूर्वी मोठ्या सामन्यांचा खेळाडू नाही म्हणून काढले होते, तोच हा.

१९३५ मध्ये तो शेवटची कसोटी खेळला. ५१ कसोट्यांत ३,५२५ धावा, सात शतके, सरासरी ४७.६३. १९३७ मध्ये लॉर्ड्सवर सरेविरुद्ध काउंटी स्पर्धेतल्या अखेरच्या सामन्यात त्याने १०३ धावा केल्या आणि भरलेल्या मैदानाने त्याला उभे राहून निरोप दिला.

निवृत्तीनंतर हेन्ड्रेनने काय केले? पुन्हा नोकरी. पंडित नेहरू जिथे शिकले त्या हॅरोच्या शाळेत तो मुलांचा प्रशिक्षक झाला, पुढे ससेक्स काउंटीचा. आणि १९५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तो मिडलसेक्सला परतला तो गुणलेखक म्हणून. १९६० पर्यंत त्याने हे काम केले. ज्याने ५७ हजार धावा केल्या, तो आता इतरांच्या धावा मांडत बसला होता. कॉम्प्टनच्या धावाही त्यात आल्याच. कोणाला यात उतरती कळा दिसेल. मला दिसत नाही. आपल्या बाप्पानेही व्यासांचा लेखनिक होण्यात कमीपणा मानला नव्हता, अशी कथा आहेच की! ज्याला काम करण्याची लाज नाही त्याला कुठलीही खुर्ची लहान नसते.

४ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. तो ७३ वर्षांचा होता. त्याच्या आदल्याच महिन्यात स्कारबरोला जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स हा दीडशे वर्षांहून जुना सामना शेवटचा खेळला गेला होता, पण तो शेवटचा आहे हे तेव्हा ठरलेले नव्हते. नोव्हेंबर १९६२ मध्ये, म्हणजे हेन्ड्रेन गेल्यावर अवघ्या दोन महिन्यांत, इंग्लिश क्रिकेटने हौशी आणि पगारी हा भेदच रद्द करायचे ठरवले. त्यानंतर सगळे फक्त क्रिकेटपटू राहिले. फुटबॉलची पगारमर्यादा उठलेली त्याने पाहिली. क्रिकेटमधली वेगळी फाटके एक झालेली पाहण्याआधीच तो गेला.

दोन खेळांचे ते दिवसही हळूहळू संपले. हंगाम लांबत गेले, पगार वाढले आणि एकाच खेळात आयुष्य भागू लागले. शेवटी शेवटी एक नवलाचा दिवस तेवढा घडला. १५ सप्टेंबर १९७५ रोजी ख्रिस बाल्डरस्टोन लेस्टरशरकडून चेस्टरफील्डला दिवसअखेर नाबाद ५१ होता. तिथून तो मोटारीने निघाला आणि त्याच संध्याकाळी डॉनकास्टर रोव्हर्सकडून चौथ्या विभागातला फुटबॉल सामना खेळला. दुसऱ्या दिवशी परत येऊन त्याने शतक पूर्ण केले, बळीही घेतले आणि लेस्टरशरला पहिलेवहिले काउंटी विजेतेपद मिळाले. त्या संध्याकाळी डॉनकास्टरसमोर कोणता संघ होता, माहीत आहे? ब्रेंटफर्ड! हेन्ड्रेनच्या क्लबाने जणू त्या परंपरेला निरोप द्यायला हजेरी लावली होती.

आपल्या देशातही असे खेळाडू झाले. मद्रासचे एम. जे. गोपालन हॉकी आणि क्रिकेट दोन्हींत भारताकडून खेळले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिक की इंग्लंडचा क्रिकेट दौरा, अशी निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी क्रिकेट निवडले. हॉकीचे सुवर्णपदक हुकले आणि त्या दौऱ्यात कसोटीही खेळायला मिळाली नाही. कोलकात्याचे चुनी गोस्वामी भारताचे फुटबॉल कर्णधार होते आणि १९७१-७२ मध्ये मुंबईविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात बंगालचेही कर्णधार होते. आपल्या माणसांची ही नावे नव्या मुलांना सांगायला हवीत.

ब्रेंटफर्ड क्लब २०२० मध्ये ग्रिफिन पार्क सोडून नव्या मैदानात गेला आणि २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचला. तिथल्या खेळाडूला आज आठवड्याला मिळणारा पैसा हेन्ड्रेनला सोळा वर्षांतही मिळाला नसेल. त्याबद्दल त्या मुलांना दोष देण्याचे कारण नाही. घाम गाळणाऱ्याला दाम मिळाला तर चांगलेच आहे. मला म्हणायचे आहे ते वेगळे.

घरापासून दूर नोकरीसाठी आलेल्या, दिवसा एक काम आणि संध्याकाळी दुसरे काम करून संसार उभे केलेल्या मंडळींनी आपली ही मंडळे वाढवली. त्यातले कितीतरी जण हसतमुख होते. त्यांच्या हसण्यामागे काय काय होते हे आपण क्वचितच विचारले. हेन्ड्रेन हा तशाच माणसांच्या कुळातला. उन्हाळ्यात लॉर्ड्स, हिवाळ्यात ग्रिफिन पार्क, डोक्यावर बायकोने तयार केलेली टोपी आणि चेहऱ्यावर हसू. १७० शतके त्याने या सगळ्यातून वेळ काढून केली. पुढल्या वर्षी प्रश्नमंजूषेत त्याचे नाव विचारले गेले आणि एका तरी मुलाने हात वर केला, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

गणपती बाप्पा मोरया!